हवा कमी केली, स्केल गेला, पण बोल्ट मऊ निघाले. चुकलं कुठं?

शिरोलीचा भट्टीवाला
सोमवार, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं हीट ट्रीटमेंटचं (पोलाद तापवून कडक करायचं) जॉबवर्क आहे. लहानसंच. दोन भट्ट्या, तेलाची एक टाकी, एक शॉट ब्लास्ट (छर्रे मारून जॉब साफ करायचं मशीन). वडिलांनी सुरू केलं, आठ वर्षं झाली मी बघतोय. मी बीकॉम. मेटलर्जी जी काय आली ती भट्टीच्या दारात उभं राहून आली. त्यामुळं प्रश्न बाळबोध वाटला तर खुशाल हसा, पण उत्तर द्या.

काम असं आहे. ईएन १९ पोलादाचे एम २० बोल्ट, ग्रेड १०.९, म्हणजे जास्त ताकदीचे. आटे आधीच रोल होऊन येतात. आम्ही पाट्यांत भरून ८६० अंशांला धरायचे, तेलात टाकायचे, मग साडेपाचशेच्या आसपास टेंपर, म्हणजे ठिसूळपणा घालवायला परत तापवायचे. भट्टी साधी, विटांच्या चेंबरची, एलपीजीवर, दोन बर्नर आणि एक ब्लोअर.

गेल्या वर्षी तक्रार होती स्केलची, म्हणजे तापलेल्या लोखंडावर धरणाऱ्या ऑक्साइडच्या पापुद्र्याची. तेलाच्या टाकीच्या तळाला करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे काळे तुकडे साचायचे, आठवड्याला घमेलं भरायचं. शॉट ब्लास्ट मारला की बोल्ट दिसायला छान, पण आटा खाल्लेला. गेजमध्ये लडबडायचा. पार्टी म्हणाली, तुमच्या भट्टीत हवा जास्त होतेय.

मला ते पटलं. लोखंड हवेनं जळतं, तर हवाच कमी करू. ब्लोअरचा व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत आणला. आधी निळसर, आवाज करणारी ज्योत होती, ती मऊ पिवळी झाली. दार उघडलं की जीभ बाहेर यायला लागली. आणि खरंच सांगतो, स्केल एकदम कमी! बोल्ट बाहेर काढला की अंगाला चिकटलेली पातळ करडी काळी साय, बाकी काही नाही. मी पार्टीला फोटो पाठवला, पार्टीनं अंगठा पाठवला.

दोन महिन्यांनी चार लॉट परत. लॅबच्या रिपोर्टवर लिहिलेलं: थ्रेडमध्ये डीकार्ब, मर्यादेबाहेर. म्हणजे आट्याच्या कातडीतला कार्बन उडालेला. डेबिट नोट सोबत. मी इथं हेडवर जरा ग्राइंडर मारून हार्डनेस घेतला तर ३५, ३६ एचआरसी (रॉकवेल सी, कडकपणाचं माप), अगदी हवा तसा. पण त्याच बोल्टच्या आट्यावर कानस घासली तर ग्राइंड केलेल्या हेडपेक्षा जास्त सहज लागते. दोन्हीकडं सारखीच लागायला पाहिजे की नको?

आता माझं डोकं चालत नाही. ऑक्सिजन कमी केला, स्केल कमी झाला, म्हणजे भट्टीतलं वातावरण सुधारलं. मग कार्बन कुठं गेला? आमचा फर्नेस ऑपरेटर म्हणतो पावसाळी हवेचा दोष, जून लागल्यापासूनच हे सुरू झालं. थर्मोकपल (तापमान मोजायचं टोक) बदलून बघितलं, फरक नाही.


बीडवाला
सोमवार, रात्री १०.४५

भावा, लई विचार करू नकोस. व्हॉल्व्ह परत होता तिथं आण. स्केल येऊ दे, आणि मग हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीतनं काढ. आमच्या शेजारचे तसंच करतात, बोल्ट चकाचक निघतात. आटा खाल्ला जातोय म्हणतोस तर रोलिंगवाल्याला सांगून थोडा जाड ठेवायला लाव. मी ओतकामातला माणूस, तरी सांगतोय.


नायटल दोन टक्के
मंगळवार, सकाळी ७.२०

बीडवाले दादा, ॲसिडचा सल्ला मागं घ्या. ॲसिडमधून हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक पोलादाला ठिसूळ करतो. बोल्ट टॉर्क मारून कसल्यावर लगेच काही होत नाही. कधी काही तासांनी, कधी दोन दिवसांनी डोकं तुटून खाली पडतं. ३९ एचआरसीच्या वर हा धोका फार वाढतो. १०.९ ग्रेड ३२ ते ३९ मध्ये बसतो म्हणून वाचतो, पण उद्या आणखी कडक १२.९ चं काम आलं की त्याच टाकीत बुडवाल. शॉट ब्लास्ट आहे ना, तोच बरा.

आता भट्टीवाले दादा, तुमचं. मी मूळची इचलकरंजीची, सध्या पुण्यात लॅबमध्ये आहे, रोज हेच कापते आणि बघते. तुमच्यासारखा बोल्ट महिन्याला एक तरी येतो.

आधी हार्डनेस. हेडवर ग्राइंडर मारलात तिथंच पुरावा पुसला गेला. डीकार्बची कातडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते, ग्राइंडरच्या एका फटक्यात ती साफ होते आणि खाली चांगलं पोलाद लागतं. नाही मारला तरी रॉकवेल सी ला दीडशे किलोचा भार असतो, टोक त्या कातडीतून आरपार जातं. तुमची कानस रॉकवेलपेक्षा खरं बोलली. बोल्ट उभा कापा, बेकलाइटमध्ये बसवा, पॉलिश करून नायटल (कण उठून दिसावेत म्हणून लावायचं पातळ ॲसिड) लावा आणि आट्याच्या टोकाला व्हिकर्स (बारीक जागेचा कडकपणा) घ्या, ०.३ किलोच्या भारानं. आयएसओ ८९८-१ या बोल्टच्या मानकात पूर्ण डीकार्बला ०.०१५ मिमीच्या वर परवानगी नाही. आणि १०.९ ला आट्याच्या उंचीचा तळाकडचा दोन तृतीयांश भाग तरी डीकार्बमुक्त लागतो.

आता कार्बन कुठं गेला ते. तुम्ही ब्लोअर दाबून मोकळा ऑक्सिजन कमी केलात. पण जाळ लावलात म्हणजे जाळातून निघालेला वायूही भट्टीतच आहे. एलपीजी पुरतं जळलं की त्या वायूत साधारण १२ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, १५ टक्के पाण्याची वाफ आणि उरलेला बहुतेक नायट्रोजन. ८६० अंशांवर कार्बन डायऑक्साइड आणि वाफ दोघंही ऑक्सिजनचंच काम करतात. लोखंड वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन सोडून देतं. म्हणून ॲनालायझरवर ऑक्सिजन शून्य दिसला तरी स्केल येतो. हळू येतो, पातळ येतो, पण येतो.

तो थांबवायचा तर कार्बन मोनॉक्साइड हा डायऑक्साइडच्या दुप्पट तरी लागतो, तुमच्या तापमानाला. बर्नरनं ते करायचं म्हणजे पुऱ्या ज्वलनाला लागते त्याच्या निम्म्याच्या आसपास हवा देऊन जाळायचं. मग काजळी धरेल आणि भट्टी धड तापणारही नाही. तुमची पिवळी ज्योत त्याच्या जवळपाससुद्धा पोचलेली नाही.

आणि हे झालं फक्त लोखंडापुरतं. कार्बनचा हिशेब वेगळाच. ईएन १९ मधला ०.४ टक्के कार्बन आहे तिथं राहावा असं वाटत असेल तर मोनॉक्साइड हा डायऑक्साइडच्या दुप्पट असून भागत नाही, वीस-पंचवीस पट लागतो. एंडोगॅसच्या (मुद्दाम बनवून आत सोडलेल्या वायूच्या) भट्टीत वीस-बावीस टक्के मोनॉक्साइड असतो आणि डायऑक्साइड एक टक्क्याच्या आत ठेवतात, तेव्हा कुठं ते जमतं. तुमच्याकडं डायऑक्साइड दहाच्या पुढं. मधे इतका मोठा पट्टा आहे की जॉब काळा पडत नाही, पण कार्बन मात्र निघून जातो. लोखंड वाचवणं आणि कार्बन वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही पहिलीचा फोटो पाठवलात.

मग आधी डीकार्बची तक्रार का नव्हती? आधीही डीकार्ब होतच असणार. पण तेव्हा स्केल इतक्या वेगानं वाढत होता की कार्बन गेलेली कातडी स्केलच खाऊन टाकायचा, आणि ती शॉट ब्लास्टखाली जायची. स्केल लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो: ०.१ मिमीचा पापुद्रा म्हणजे आतलं सुमारे ०.०६ मिमी लोखंड गेलं. त्यानंच तुमचं गेज लडबडायचं. हवा दाबलीत तेव्हा खाणारा मंदावला, पण कार्बन आतून बाहेर सरकतच राहिला. कातडी शिल्लक राहिली आणि लॅबला दिसली. शिवाय शुद्ध लोखंड ९१२ अंशांपर्यंत फेराइटच (लोखंडाचं मऊ रूप) असतं, त्यामुळं ८६० ला कार्बन गेलेली कड तिथल्या तिथंच फेराइट होते. ती तेलात टाकून कडक व्हायची नाही.

पावसाळ्याचं: पंचवीस अंशाची पूर्ण दमट हवा धरली तरी तिच्यात तीन टक्केच वाफ असते. तुमच्या जाळातून आधीच पंधरा टक्के येतेय. पाऊस निर्दोष आहे. (बोल्ट ओले, गंजलेले भरत असाल तर गोष्ट वेगळी.)

टेंपरची काळजी नको. स्केलमधला सगळ्यात जाड आणि झपाट्यानं वाढणारा थर वुस्टाइटचा (लोखंडाच्या एका ऑक्साइडचा) असतो, तो ५७० च्या खाली तयारच होत नाही. तुमचं सगळं नुकसान हार्डनिंगच्या भट्टीत होतंय.


शिरोलीचा भट्टीवाला
मंगळवार, दुपारी १.३०

ताई, तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना जेवण थंड झालं.

"पहिलीचा फोटो पाठवलात" हे लागलं. पण बरोबर आहे.

एकच शंका. तुम्ही म्हणता तसं असेल तर माझ्या भट्टीत हवा कमी करा नाहीतर जास्त करा, काही केलं तरी मी हरणारच?


जुना फर्नेसमन
मंगळवार, रात्री ९.०५

पोरा, मी उद्यमनगरात चाळीस वर्षं भट्टी राखली. ताईंचं शास्त्र बरोबर हाय, मला त्यातलं निम्मं समजलं. पण तू लिहिलेलं एक वाक्य वाचून मी दचकलो, ते कुणी धरलं न्हाई. दार उघडलं की पिवळी जीभ बाहेर येती म्हणालास. तुझी पोरं त्या दारासमोर उभी असत्यात. कुणाचं डोकं दुखतंय का? मळमळतंय का? रात्रपाळीला जास्त का?

अर्धा जळलेला गॅस म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास न्हाई, रंग न्हाई. पावसात शेडची शटरं खाली ओढून काम करत असशील तर तो आतच साठतो. जून लागल्यापासून म्हणालास, म्हणून इचारतोय. बोल्ट मऊ झाला तर डेबिट नोट येती, पण हिकडं माणूस बसल्या जागी झोपतो आणि उठत न्हाई. आधी व्हॉल्व्ह उघड, मग हे वाच.

आता भट्टी. आमच्या गावाकडं गुऱ्हाळात जाळ घालायला एक म्हातारा होता. चुलवाणात चिपाडं टाकताना त्याची नजर जाळावर कमी आणि धुराड्यावर जास्त. काळा धूर निघाला की हात आखडता. गुळव्या काहिलीशी, हा धुराशी. तसं बघायला शिक. तुझा बर्नर हवा किती घेतो ते तुला म्हाईत हाय, पण भट्टी दारातनं किती हवा ओढती ते म्हाईत न्हाई. उदबत्ती लाव. भट्टी चालू असताना दाराच्या खालच्या फटीपाशी धर. धूर आत गेला तर भट्टी बाहेरची हवा गिळती, मग ब्लोअरच्या व्हॉल्व्हशी खेळून उपयोग काय? चिमणीचा डँपर (झडप) थोडा थोडा दाबत आण, धूर जरासा बाहेर ढकलला जाईल इतकाच. दाराची फट बंद करायची दोरी किती वर्षांची हाय?

आमच्या वेळेला फर्नेस ऑइल होतं. त्यात गंधक. ईएन २४ चे शाफ्ट यायचे, त्यात निकेल. त्यो स्केल म्हणजे नुसता डिंक, छिन्नीनं खरवडला तरी निघायचा न्हाई, आणि खाली पृष्ठभाग सगळा फोडफोड. हवा कमी असली की जास्तच. साहेब म्हणायचा तू सोकिंग जास्त केलंस, म्हंजे तापमानाला जास्त येळ धरलंस. मी म्हणायचो साहेब तेल बदला. एलपीजी आलं आणि ते भांडण मिटलं.


नायटल दोन टक्के
मंगळवार, रात्री ९.४०

काका, ते वाक्य माझ्या नजरेतून सुटलं, आणि सुटायला नको होतं. भट्टीवाले दादा, मोनॉक्साइडचा अलार्म आजच मागवा. भट्टीच्या डोक्यावर नको, माणूस श्वास घेतो त्या उंचीवर लावा.

काकांच्या ईएन २४ बद्दल: निकेल लोखंडाइतकं सहज ऑक्साइड होत नाही. ते स्केलच्या खाली धातूच्या कडेला साठतं, कड करवतीसारखी होते आणि स्केल तिच्यात अडकून बसतो. गंधक असलं तर निकेलबरोबर साडेसहाशेच्या खालीच वितळणारं मिश्रण होतं, ते कणांच्या सांध्यांत उतरतं. तुमचा साहेब चुकीचा होता.


शिरोलीचा भट्टीवाला
शनिवार, रात्री ११.००

चार दिवस गायब होतो, कारण सांगतो.

काका, तुमचं वाचलं त्याच रात्री कामावर गेलो. रात्रपाळीचा हेल्पर पोरगा, विशीतला. त्याला विचारलं. म्हणाला, दोन आठवडे झाले, पहाटे डोकं जड होतं, एकदा उलटी झाली. मुकादमानं सांगितलेलं की पाळीला येताना मिसळ खाऊन येऊ नको. तो बिचारा दोन आठवडे मिसळ सोडून बसलेला. शटर खाली, पाऊस आत येतो म्हणून. त्याला डॉक्टरकडं नेला, आता ठीक आहे. शटर वर, व्हॉल्व्ह मोकळा, अलार्म भिंतीवर. यापुढं लिहिताना हात जरा जड होतोय.

उदबत्ती लावली. दाराच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात धूर असा आत खेचला गेला जसा कुणी ओढून घ्यावा. आणि तेव्हा लक्षात आलं की सगळ्यात जास्त स्केल नेहमी दाराकडच्या खालच्या पाटीतच असायचा. आठ वर्षं मी त्या पाटीला नशीब म्हणत होतो. दोरी बदलली, डँपर दाबला. आता चारही पाट्या जवळपास सारख्या निघतात. एका पोर्टेबल ॲनालायझरवाल्याला बोलावून ऑक्सिजन दोन टक्क्यांवर बसवला. तो म्हणाला, ही दहा टक्के जादा हवा झाली, एवढी राहू द्या.

ताई, मग बोल्ट कापून बघितले. एक परत आलेल्या लॉटमधला, आणि एक मागच्या वर्षीचा, भरपूर स्केल यायचा तेव्हाचा, ड्रॉवरमध्ये पडला होता. लॅबच्या मुलानं मायक्रोस्कोप माझ्याकडं वळवला. काळपट करड्या आट्याला कडेनं पांढरी दोरी शिवल्यागत दिसत होतं. टोकावर जाड, बुडाकडं जात बारीक. परत आलेल्यात ती ०.०४ मिमी. जुन्या बोल्टमध्ये ०.०२, आणि ती पण सलग नाही, मधे मधे तुटलेली, कडा कुरतडलेल्या. स्केलनं खाल्लेली म्हणतात ती हीच. म्हणजे जुना मालसुद्धा नापास होता, कुणी कापला नव्हता एवढंच.

हे पार्टीला सांगायचं की नाही यावर घरात चर्चा चालू आहे. बाबा म्हणतात सांगायचं.


बीडवाला
रविवार, सकाळी ८.१५

ॲसिडचं मागं घेतलं. वरचं खोडलंय असं समजा.

पण एक जुनी पद्धत ऐकून आहे. पेटीत जॉब भरायचे, भोवती बिडाची (कास्ट आयर्नची) चुरी दाबायची, झाकण लावून फायर क्लेनं लिंपायचं. बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो, आत शिरलेला ऑक्सिजन आधी त्या चुरीवर तुटून पडतो, जॉब वाचतो. आणि चुरीला कोल्हापुरात काय तोटा? माझ्याकडं मशीन शॉपमधनं पोत्यानं सीआय बोरिंग, म्हणजे हीच चुरी, निघतं. ये आणि घेऊन जा, चहा पाजतो.


कागलचा रोलिंगवाला
रविवार, दुपारी १२.५०

मी फाइव्ह स्टार एमआयडीसीत थ्रेड रोलिंग करतो. सगळे भट्टीवर बोलताय म्हणून एवढंच: आटे हीट ट्रीटमेंटच्या नंतर रोल करा. आधी कोरी दांडी कडक करायची, मग टर्निंगमध्ये वरची खराब कातडी काढायची, मग रोलिंग. आट्यात डीकार्बचा प्रश्नच येत नाही. शिवाय रोलिंगनं आट्याच्या बुडाला जो दाब बसतो तो भट्टीत जाऊन सैल होत नाही, बोल्ट थकव्याला जास्त टिकतो. तोटा माझा: ३६ एचआरसीवर डाय लवकर जाते, दर वाढवून घेईन. स्टडला हे सहज जमतं. हेड असलेल्या बोल्टला पार्टीच्या ड्रॉइंगवर आहे का बघा.


नायटल दोन टक्के
रविवार, दुपारी ३.३०

रोलिंगवाल्यांचा मार्ग सगळ्यात स्वच्छ.

चुरीच्या पेटीबद्दल दोन सावधगिऱ्या. पेटी तापायला वेळ घेते. बाहेरचं थर्मोकपल ८६० दाखवेल तेव्हा आतला बोल्ट सातशेवर असेल, म्हणून थर्मोकपल पेटीच्या आत हवं. दुसरं, ताजी चुरी किंवा लाकडी कोळसा टाकलात तर उलटा खेळ होऊ शकतो, बोल्ट कार्बन पिऊन बसेल. त्यालाही मर्यादा आहे. कड आतल्यापेक्षा ३० व्हिकर्सनं जास्त कडक झाली की तोही नापास. वापरून थोडी निवलेली चुरी बरी.

आणि कुणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगते: या भट्टीत मेथॅनॉल किंवा गॅस सोडून वातावरण करायचा प्रयोग करू नका. विटांची भट्टी गॅसबंद नसते, आणि ७५० च्या खाली असा वायू पेट न घेता साठतो. मग एकदम घेतो. शिरोलीपासून हायवेपर्यंत ऐकू जाईल.


शिरोलीचा भट्टीवाला
पुढचा शनिवार, संध्याकाळी ७.४०

प्रयोग झाला, लिहून ठेवतो. कुणाला तरी उपयोग होईल.

पेटी पहिली: बोल्ट आणि चुरी एकत्र दाबून. तीस बोल्ट. आत थर्मोकपल घातलं तेव्हा ताईंचं खरं वाटलं. भट्टी ८६० ला पोचून पाऊण तास झाला तरी आत ७१०. सोकिंग संपल्यावर झाकण काढलं आणि खरी मजा सुरू झाली. लालभडक चुरीतनं चिमट्यानं बोल्ट उपसायचे! पहिले दहा तेलात गेले तोवर शेवटचे दहा काळवंडले. चुरी तेलात, तेल अंगावर. पहिल्या दहांचा हार्डनेस ३६, शेवटच्यांचा ३१. ग्रेडच्या बाहेर. कातडी मात्र स्वच्छ. स्केल नाही, मायक्रोस्कोपखाली पांढरी दोरी नाही.

पेटी दुसरी: जाळीची बादली केली, कडीवाली. बोल्ट बादलीत, चुरी फक्त तळाला आणि पेटीच्या भिंतीकडनं. झाकण उघडलं, आकड्यानं बादली उचलली, तेलात. हातात घड्याळ धरलं होतं, सात सेकंद. हार्डनेस सगळा ३५ ते ३७. पांढरी कड एकाच बोल्टला, टोकावर, ०.०१ च्या आत. दिसायला फिकट करडे, शॉट ब्लास्टची गरजही वाटली नाही. बाबांनी एक बोल्ट उचलला, नखानं आटा खरवडून बघितला आणि खिशात टाकला. खिशात टाकला म्हणजे पास.

पण हिशेब बसत नाही. आधी एका चार्जला तीनशे किलो जायचे, पेटीनं साठ. गॅस तेवढाच. या दरात पार्टी मला चहासुद्धा पाजणार नाही.

तर ठरलं ते असं. हेड असलेले १०.९ चे बोल्ट मी घेणार नाही. पार्टीला दोन्ही बोल्टचे फोटो दाखवले, जुन्याचासुद्धा. दहा मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, एंडोगॅसच्या बेल्ट फर्नेसवाल्याकडं पाठवू. डेबिट नोट निम्मी झाली, का ते विचारलं नाही. स्टड मात्र माझ्याकडंच राहिले: कोऱ्या दांड्या मी कडक करणार, कातडी टर्निंगला जाणार, आटे कागलला. रोलिंगवाले दादा, दर जरा माणसात लावा. पेटी ठेवली आहे नमुन्याच्या आणि तातडीच्या लहान कामाला.

हेल्पर पोरगा परवापासून दिवसपाळीला आहे. मिसळ परत सुरू झाली, वर एक पाव जास्तीचा माझ्याकडून.

बीडवाले दादा, तुमच्याकडनं आणलेली दोन पोती पुरतील, पण ताजी आहेत. कुणाकडं पेटीत एक-दोनदा वापरून झालेली चुरी पडली असेल तर कळवा, ताजीच्या बदल्यात नेईन.


जुना फर्नेसमन
शनिवार, रात्री ९.२०

माझ्या जुन्या शेडमागं दोन ड्रम हाईत, झाकणासकट. वरची चुरी गंजली असंल, खालची चांगली. सोमवारी दहाच्या आत ये, नंतर मी दवाखान्यात जातो. भरून आणायचं भांडं तुझं तू आण.